हाव म्हणून बसलेला मेव्हणा

आमच्या मेव्हण्याइतक्या वेळा 'हाव' म्हणलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकं कमी ऐकून हाव म्हणलेला तर साऱ्या दुनियेत सापडायचा नाही. पुण्याकडं हाव म्हणजे लोभ, असं लेक सांगते. असंल, त्यांचं त्यांच्यापाशी. आमच्याकडं हाव म्हणजे होय. कबूल. तुमचं खरं. मेव्हण्यापाशी एवढे सगळे अर्थ आहेत आणि वर एक त्याचा घरचा आहे: तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही, पण तुमचं तोंड हलायचं थांबलंय, म्हणजे आता पाळी माझी. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. नायगाव तालुक्यातला. तरणपण सगळं मळणीयंत्रावर घालवलं. हंगामात यंत्र घेऊन गावोगाव फिरायचा आणि दिवसदिवस त्या धडधडीशेजारी उभा राहायचा. यंत्र कवाच भंगारात गेलं, त्याचा आवाज तेवढा याच्या कानात राहिला. "दाजी, माझ्या कानात आजून तूर निघून राहिली," असं म्हणतो आणि वर हसतो. म्हणजे बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बंद होत नाही.

या हावपायी त्याचं नुकसान झालं म्हणावं तर तसंही नाही. एकदा धर्माबादच्या बाजारात मिरची घेऊन गेला. व्यापाऱ्यानं भाव सांगितला, हा म्हणला, "हाव." घासाघीस न करता कबूल होणारा शेतकरी व्यापाऱ्यानं जन्मात बघितला नव्हता. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून त्यानं भाव उतरवला. "हाव." आणखी उतरवला. "हाव." तिसऱ्या हावला व्यापारीच घाबरला. हा माणूस एकतर येडा हाय, न्हाईतर ह्याच्यामागं कोणीतरी साहेब उभा हाय, असं समजून त्यानं पहिला भाव दिला आणि वर चहा पाजला. गावात तर याला तंटे मिटवायच्या समितीचा अध्यक्ष केलं होतं. सभेत कोणी होईना, याला विचारलं, "व्हता का?" याचं उत्तर ठरलेलं. पण तुम्हाला सांगतो, तसा अध्यक्ष पुन्हा झाला नाही. दोन्ही भावकीची माणसं येऊन तास-तास भांडायची, हा दोघांच्याही तोंडाकडं माया लावून बघायचा आणि दोघांनाही हाव म्हणायचा. आपलं म्हणणं अध्यक्षाला पटलं, अशा खुशीत दोघंही घरी जायचे. पोलीस ठाण्यात जे मिटलं नसतं ते याच्या बहिरेपणात मिटलं.

हळू बोलणं मात्र त्याच्या जातकात नाही. गुपित सांगायचं म्हणून मला गोठ्यात नेतो आणि सांगतो ते बसस्टँडवर कळतं. रेडिओ गालाला लावून बसतो. स्टेशन लागलेलं नसतं, नुसती खरखर. मी म्हणतो, "आरं, गाणं न्हाई ते, खरखर हाय." म्हणतो, "हाव, गोड हाय." फोन आला की "हाव, हाव, बरं हाय, ठेवा," एवढं बोलून ठेवून देतो आणि कोणाचा होता विचारलं की पुन्हा हाव. कानाचं काम त्यानं डोळ्यांवर सोपवलंय. तोंडापेक्षा भुवया जास्त बघतो. "तोंड खोटं बोलतं दाजी, भुवईला खोटं बोलता येत न्हाई," हे त्याचं एक मोठं वाक्य. त्यामुळं तुम्ही रागावलात, दमलात, पैसे मागायला आलात, हे तुम्ही दारात असतानाच त्याला कळतं. काय बोललात तेवढं कळत नाही.

माझ्या मालकिणीचं तेवढं वेगळं होतं. ती भावाशी कधी ओरडून बोलली नाही. त्याच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायची, तोंड कानाशी न्यायची आणि रोजच्या आवाजात बोलायची. आणि याला ते कळायचं. कसं कळायचं देव जाणे. मी एकदा तसंच करून बघितलं तर म्हणला, "दाजी, कान दुखतो."

मागच्या वर्षी ती गेली. लई दिवस अंथरुणाला होती. शेवटच्या दिवशी सकाळी मला म्हणली, "म्हशीला पाणी दावून या जावा." मी गेलो, पाणी दावलं, परत आलो. उंबऱ्यातून बघतो तर हा तिच्या उशाशी वाकलेला, तिची बोटं याच्या कानाच्या पाळीला, आणि तिचे ओठ हलून राहिलेले. आवाज इतका बारीक की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माझ्या चांगल्या कानांना काही येईना. आणि हा मान हलवून म्हणून राहिलेला, "हाव आक्का. हाव. हाव." मला बघून ती गप झाली. दुपारी गेली. चाळीसच्या वर वर्षं माझ्यासंगं संसार केला आणि शेवटचं जे काय बोलायचं ते या ठार बहिऱ्याच्या कानात बोलली. मला काय सांगितलं? म्हशीला पाणी दावा. राग येतो की नाही सांगा. आणि गेलेल्या माणसावर राग काढायची तरी सोय कुठं आहे?

तेराव्याला सगळे पाव्हणे गेले, हा गेला नाही. घरी बायको आहे, पोरं कर्ती आहेत. बायको फोन करते, हा "हाव, येतो, ठेवा," म्हणतो आणि येत नाही. वर त्याची आधीची खुळं कमी होती म्हणून की काय, माझ्या घरी त्यानं नवी सुरू केली. मी जेवून उठलो की हा चुलीपाशी जाऊन पातेल्यांची झाकणं उघडून बघणार. एकेक झाकण, शिस्तीत, तपासणीला आलेल्या साहेबासारखं. मला वाटायचं, खादाड आहे. सकाळी माझी रक्तदाबाची गोळी स्वतःच्या तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरून उभा राहणार, मी गिळेपर्यंत हलणार नाही. आयुष्यात देवाला हात न जोडलेला माणूस, दिवेलागणीला दिवा लावायला लागला. तंबाखू सोडली. म्हणजे माझी पंचाईत झाली, मी त्याच्याच चंचीवर होतो. मालकिणीची एक म्हातारी कोंबडी होती, अंडी बंद झालेली. मी तिचा रस्सा करायला निघालो तर हा तिला काखेत मारून गल्लीच्या टोकाला जाऊन बसला. आणि सगळ्यात वरची कडी म्हणजे पलीकडची शेजारीण. भिंतीवरून माझ्या मालकिणीचं आणि तिचं वाजलेलं, बारा वर्षं दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. आणि हा दर आठवड्याला तिच्या घरी ताकाचा तांब्या नेऊन द्यायला लागला! माझ्या म्हशीचं ताक! मी तांब्या धरला तर माझ्या भुवयांकडं बघून म्हणला, "हाव दाजी, कळतं मला," आणि घेऊन गेला.

मला या माणसाला एकच गोष्ट विचारायची होती. ती काय म्हणली? बस. रोजच्या आवाजात विचारलं, "हाव." मोठ्यानं विचारलं, "हाव." एके दिवशी छाती फुटेपर्यंत ओरडलो, "आक्का शेवटी काय म्हणली रं तुला?" तर शिंप्याचं मशीन थांबलं, कुत्रं उठून बसलं, आणि पलीकडची शेजारीण पिठाच्या हातानं पळत आली, "काय झालं वो भाऊजी? बरं हाय का?" मी खाली मान घालून आत गेलो. असला प्रश्न ओरडून विचारायचा नसतो. लिहून विचारावं तर मी चौथी पास, आणि तो शाळेच्या अंगणातूनच परत आलेला. हातवारे करून भूक विचारता येते, पाणी विचारता येतं. मेलेली बायको काय म्हणली, हे कोणत्या हातानं विचारायचं? म्हणून मी ठरवलं, याच्या कानात ऐकू यायचं मशीन बसवायचं. आमच्या चाकूरभर लोक म्हणले, बघा, बायकोच्या भावावर केवढी माया. माया कसली? मला उत्तर पाहिजे होतं.

लातूरला एका दुकानात गेलो. काचेचं दार, आत गार हवा. गळ्याला पट्टा बांधलेला दुकानदार इतक्या हळू बोलायचा की माझेच कान पुढं करायला लागले. बहिऱ्यांच्या दुकानात कुजबुज! त्यानं किंमत सांगितली. मी म्हणलो, "दोन्ही कानांची ना?" म्हणला, "नाही काका, एका कानाची. आणि हे सगळ्यात साधं." म्हणजे एका कानाला एक दुभती म्हैस. माणसानं दोन म्हशी कानात घालून हिंडायचं. एवढंसं ते, चिंचोक्याएवढं, त्यात असं काय सोनं भरलंय? चष्मा म्हातारीच्या आवाक्यात, काठी आवाक्यात, मग कानानंच काय पाप केलंय? दुकानदार मेव्हण्याकडं वळून म्हणला, "काय काका, करायचं का पॅक?" "हाव." मी दंड धरून बाहेर ओढला म्हणून वाचलो. मग नांदेडच्या बाजारात रस्त्यावर एक स्वस्तातलं घेतलं. ते कानात घातलं की कुई करायचं. हा म्हणला, "दाजी, तूर थांबली, आता कुत्रं केकाटून राहिलं." गल्लीतली खरी कुत्री दारात गोळा व्हायला लागली तवा ते काढून ठेवलं.

सरकार फुकट मशीन देतं. खोटं कशाला बोलू, देतं. पण देण्याआधी माणूस म्हातारा आहे, गरीब आहे, बहिरा आहे आणि जिवंत आहे, हे चार वेगवेगळ्या खिडक्यांवर चार वेगवेगळ्या दिवशी सिद्ध करावं लागतं. त्यात याचं आधार नांदेड जिल्ह्याचं आणि बूड माझ्या ओट्यावर, लातूर जिल्ह्यात. इकडचे म्हणायचे तिकडं जा, तिकडचे म्हणायचे राहता तिथं विचारा. चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड, त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा आम्हाला ओळखायला लागला. उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो तेव्हा साहेबानं एका कागदाची झेरॉक्स मागितली. मी मेव्हण्याला खिडकीपुढं उभं करून झेरॉक्स काढायला गेलो. हीच चूक झाली. परत येईपर्यंत त्यांचं बोलणं असं झालेलं, मागं उभ्या असलेल्या माणसानं मला सगळं सांगितलं.

"बाबा, शेती हाय का?"

"हाव."

"बागायती?"

"हाव."

"पोरगं सरकारी नोकरीला हाय?"

"हाव."

"दारात चारचाकी?"

"हाव."

"आन्खी काय?"

"हाव."

मी खिडकीपाशी पोचलो तर साहेब म्हणतात, "काका, ह्यांना फुकटचं मशीन कशाला? तेच आमाला चार घेऊन देतील." मागच्या टेबलावर पुण्याकडून बदलून आलेला एक बाबू होता. तो मान न उचलता म्हणला, "एवढं असून फुकटचं पाहिजे. काय हाव असते बघा माणसाला!" माझं डोकंच फिरलं. मी म्हणलो, "साहेब, तो बहिरा हाय! त्याला तुमी 'फाशी देऊ का' म्हणलात तरी हाव म्हणंल!" साहेब थंडपणानं म्हणले, "बहिरा हाय असा कागद कुठाय?" "मशीनसाठी तोच कागद काढायला तर निघालो हौत!" "मग आधी बहिरेपणाचा दाखला आणा. तो लागला की त्यांचं हाव आमी धरणार न्हाई." बघा. माणूस डोळ्यासमोर बहिरा उभा आहे, पण कागद म्हणेल तेव्हाच तो बहिरा.

दाखल्यासाठी सांगितलेल्या दवाखान्यात गेलो. सगळी रांग बहिऱ्यांची. आणि आत बोलवायचं कसं, तर दारात उभं राहून नाव पुकारायचं! पुकारणारा नाव घ्यायचा, कोणी हलायचं नाही, तो 'गैरहजर' म्हणून पुढचं नाव घ्यायचा. आणि ज्याचं नाव घेतलं ती म्हातारी त्याच्या पुढ्यात बसून गोड हसायची. मी उठलो. "आरं बाबा, ह्या लोकांना पुकारलेलं ऐकू आलं आसतं तर ती इथं कशाला मरायला आली आसती?" तर म्हणतो, "काका, पद्धत हाय." पद्धत! शेवटी मीच दारापाशी उभा राहिलो. नाव पुकारलं की रांगेत फिरून एकेकाचा कागद बघायचा आणि खांद्याला हात लावून उठवायचं. दुपारपर्यंत माझा घसा बसला, पण अकरा गैरहजर मी हजर केले. पगार मात्र पुकारणाऱ्यालाच मिळाला असणार.

मेव्हण्याचा नंबर आला. आत एक काचेची खोली, त्यात खुर्ची, कानावर मोठे डबे. काचेपलीकडं एक तरुण मॅडम यंत्रापुढं बसलेल्या. त्यांनी खुणेनं समजावलं, मीही समजावलं, आवाज आला की हात वर कर. हा म्हणला, "हाव." मी काचेबाहेरून बघत उभा राहिलो. मॅडमनी बटण दाबलं की याचा हात वर. दाबलं की वर. उजवा कान, डावा कान, एक चुकला नाही. मॅडमला वाटलं हा ऐकतोय. हा ऐकत कुठला, हा त्यांच्या भुवया बघून राहिलेला! बटण दाबताना त्या बिचारीची भुवई इतकीशी वर जायची, तेवढी याला बास होती. खोलीतून बाहेर आला तो दोन्ही हात वर करून. "दाजी, पास झालो! एकबी चुकला न्हाई!" जन्मात कोणत्या परीक्षेला न बसलेला माणूस, पहिल्यांदा बसला आणि पहिल्या नंबरानं आला. कागदावर लिहून आलं, कान बऱ्यापैकी चांगले. मशीनला चाळीस टक्के बहिरेपण लागतं. शाळेत पस्तीसला पास करतात, इथं चाळीस लागतात, आणि आमचा गडी बहिरेपणात नापास!

बसस्टँडवर मी त्याला जे बोललो ते सांगण्यासारखं नाही. भोवती माणसं जमली. आयुष्यभराचं सगळं त्याच्यावर काढलं, मालकिणीचंसुद्धा. तो माझ्या भुवयांकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा पास झाल्याचा उजेड हळूहळू गेला. मग बाकावर बसला आणि त्याच्या मानानं हळू, म्हणजे तिकीट-खिडकीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणला, "दाजी, ऐकू आलं का म्हणून इचारलं की न्हाई म्हणायची लाज वाटते वो. एकदा 'काय' म्हणलं की माणूस पुन्हा सांगतो. दोनदा 'काय' म्हणलं की उठून जातो. हाव म्हणलं की बसतो." एवढं बोलून खिशातून शेंगदाणे काढले आणि अर्धे माझ्यापुढं केले. मी घेतले नाहीत. मग घेतले.

त्याच पावली मी एकटा परत दवाखान्यात गेलो आणि मॅडमना भुवईचं सांगितलं. त्या आधी हसल्या. चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणल्या, "काका, चूक माझी आहे. मी त्यांच्या समोर बसायला नको होतं." साऱ्या वर्षात 'चूक माझी' असं कोणत्याही खिडकीतून मी ऐकलेलं ते एकदाच. पुढच्या तारखेला त्यांनी खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली. हा पाच मिनिटं भिंतीकडं बघत बसला, हात मांडीवरून हलला नाही. मला ते बघवलं नाही, सांगतो. मग डोक्याला वायरी लावून निजवून करतात ती तपासणी केली. तिथं माणसाला हाव म्हणायला वावच नसतो. हा घोरला आणि यंत्रानं परस्पर खरं काय ते सांगून टाकलं. चाळीसच्या वर, चांगलंच वर. मॅडमनी दाखला कुठं लावायचा, साठीच्या वरच्यांसाठी काय मिळतं, मोजमापाच्या शिबिरात नाव कसं घालायचं, हे एका चिठ्ठीवर ओळीनं, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चौथी पास माणसाला वाचता येईल असं. एवढी एक चिठ्ठी दारावर चिकटवायला सरकारला काय धाड भरली होती?

त्यानंतरही सहा-सात महिने गेले. मग एकदाचा वाटपाचा दिवस उगवला. मांडव, खुर्च्या, हार, आणि दोनशे बहिरी माणसं. आणि त्यांच्यापुढं पाहुण्यांचं भाषण! एक नाही, चार! मशीन मागच्या टेबलावर खोक्यांत पडलेली आणि ज्यांना ती मिळायची त्यांच्यापुढं दीड तास भाषण. मी शेजारच्याला म्हणलो, "आधी मशीन वाटा, मग बोला." तो म्हणला, "काका, मग थांबंल कोण?" खरं होतं. मेव्हणा मात्र पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, आणि अगदी जागच्या जागी. भुवया! दोनशे बहिरे त्याचं बघून टाळ्या वाजवत होते. पाहुणे खूश होऊन आणखी पंधरा मिनिटं बोलले.

शेवटी नाव आलं, फोटो निघाला, एका पोरीनं मशीन कानाला लावून दिलं आणि बटण सुरू केलं. हा उठला, चार पावलं चालला आणि झटकन मागं वळून बघितलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागं. मी म्हणलो, "काय झालं रं?" तर म्हणतो, "कोणीतरी मागं येऊन राहिलंय दाजी." त्याच्या स्वतःच्या चपला होत्या. वीस वर्षांनी ऐकल्या होत्या. आणि मग माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं, "दाजी, तुमी इतकं वरडता कशाला वो?"

एसटीत त्यानं मशीन काढून डबीत ठेवलं, गाडी लई बडबडते म्हणून. मीही घाई केली नाही. दीड वर्ष थांबलो होतो. घरी आलो, म्हशीला पाणी दावलं. तिसऱ्या प्रहरी हा ओट्यावर बसला होता, कोंबडी पायाशी, मशीन कानात. कावळा ओरडला की कावळ्याकडं, भांडं वाजलं की भांड्याकडं बघत होता. मी शेजारी बसलो. आणि रोजच्या आवाजात, शेजारणीला जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आक्का त्या दिवशी काय म्हणली रं तुला?"

त्यानं हाव म्हणलं नाही. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"ऐकू न्हाई आलं दाजी."

"काय?"

"आवाजच न्हवता तिच्यात. निस्ता वारा लागत हुता कानाला. गरम."

"मग हाव, हाव काय म्हणत हुतास?"

"मग काय म्हणू?" तो माझ्याकडं वळला. "तिला 'काय, काय' म्हणू? दोनदा म्हणलो आसतो तर ती दमून गेली आसती. हाव म्हणलो. हाव म्हणून बसलो. आता म्हणून बसलो म्हंजे करावं तर लागंल. पण काय करायचं ते ठावं न्हाई. मग जे जे म्हणली आसंल आसं वाटलं, ते ते करून राहिलो."

आणि बोटं मोजायला लागला. "तुमच्या गोळीचं म्हणली आसंल. तुमी पोटभर जेवता का बघ म्हणली आसंल, तुमी उपाशी उठता अन् सांगत न्हाई. दिवा लाव म्हणली आसंल. कोंबडीचं तर म्हणलीच आसंल, तुमचा काय भरवसा? पलीकडच्या बाईसंगं मिटवून टाक म्हणली आसंल, मरताना माणूस भांडण ठेवत न्हाई. आन तंबाखू." इथं तो थांबला. "तंबाखूचं पक्कं म्हणली आसंल. लई जड गेलं दाजी ते."

मी राग शोधला. एवढे दिवस हाताशी होता, नेमका तेव्हाच जागेवर नव्हता. दोन जिल्ह्यांच्या खिडक्या, दीड वर्ष, तो भिंतीकडं तोंड करून बसलेला गडी, आणि उत्तर काय, तर गरम वारा. आणि तरी मला वाटलं, त्यानं मोजलेल्यातलं एकही तिनं म्हणलं नसंल असं काही मला सांगता येणार नाही.

"आन्खी काय म्हणली आसंल?" त्यानं विचारलं. "तुमाला ठावं. काय राहिलं आसंल तर सांगा." आणि असं म्हणून, मी काही बोलायच्या आत, शेल वाचवायचा म्हणून मशीन कानातून काढलं, पुसलं आणि डबीत ठेवलं. प्रश्न विचारायचा आणि कान डबीत घालायचा, हा त्याचा शहाणपणा.

मी त्याच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली. कान दुखतो म्हणला नाही. तोंड कानाशी नेलं. तिथून त्याला माझ्या भुवया दिसत नव्हत्या.

"जाऊ नको म्हणली आसंल," मी म्हणलो. माझा आवाज मलाच धड ऐकू आला नाही.

"हाव," तो म्हणला. आणि उठून पातेल्याचं झाकण बघायला गेला.